चौथ्या वर्षाचा भाव, आठव्या वर्षाचा हिशेब

आमच्या घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की आधी मामांना बोलावणं होतं. मामांनी नाशिकच्या एका नागरी सहकारी बँकेत सव्वीस वर्षं वाहनकर्जाचे कागद तपासले. हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणताना आणि त्यांचा लिलाव होताना त्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे नवी गाडी दिसली की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी तिचा विकतानाचा भाव येतो.

यंदा आमची बारा वर्षांची डिझेल गाडी काढून इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं मनात होतं. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मी रोज नाशिकरोडहून सिन्नरच्या एमआयडीसीत जाते, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. वर्षातून पाच-सहा वेळा पुण्याला आईकडे फेरी होते. सगळं मिळून वर्षाला पंधरा हजार किलोमीटर. मामा रविवारी सकाळी आले, चहा झाला आणि वही उघडली. तेव्हाचं आमचं बोलणं इथे मांडते आहे. असा प्रश्न आज बऱ्याच घरांत चर्चेत आहे.

मामा: अगं, गाडी चांगलीच असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला एवढंच सांग, चार वर्षांनी ती कोण घेणार आणि कितीला?

मी: मामा, आपण गाडी विकायला घेतो की वापरायला?

मामा: वापरायलाच घेतो. पण आजवर जेवढी माणसं माझ्यासमोर बसली, ती सगळी ‘दहा वर्षं वापरणार’ म्हणूनच सही करून गेली. मग बदली होते, आजारपण येतं, मुलीचं लग्न निघतं, नाहीतर नवं मॉडेल मनात भरतं. निम्मे लोक चौथ्या-पाचव्या वर्षी गाडी काढतातच. म्हणून आधी चौथ्या वर्षाचा आकडा बघायचा. तुझी गाडी ऑन-रोड वीस लाख धर. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी सतरा लाख. चार वर्षांनी पेट्रोलचे दहा लाख येतील. तुझ्या इलेक्ट्रिकचे मी साडेआठ धरतो.

मी: एवढे कमी का?

मामा: हा माझा अंदाज आहे, बाजारभाव म्हणून सांगत नाही. पण त्यामागची कारणं खरी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत एक लाख वीस हजारांपर्यंत उतरवली. त्याच वर्षी सप्टेंबरात सणाच्या निमित्ताने तीन लाखांपर्यंत कपात जाहीर झाली. ज्याने जानेवारीत पूर्ण किंमत मोजली, त्याच्या गाडीचा भाव ती दारात उभी असतानाच उतरला. नवी गाडी तीन लाखांनी स्वस्त मिळत असेल, तर जुनीला जुना भाव कोण देईल? हे फक्त आपल्याकडेच झालं नाही. अमेरिकेत हर्ट्झसारख्या भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. त्यामागचं एक कारण हेच, घसारा धरलेल्यापेक्षा जास्त निघाला.

मी: किंमत उतरली ती बॅटरी स्वस्त झाली म्हणून. २०१० च्या सुमारास बॅटरी पॅकचा दर किलोवॅट-तासाला, म्हणजे आपल्या बोलीत एका युनिटला, हजार डॉलरच्या वर होता. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत २०२४ चा जागतिक सरासरी दर ११५ डॉलर आहे. जी घसरण आज तुम्हाला तोटा वाटते, तिनेच उद्या बॅटरी बदलायची भीती कमी होणार आहे. पंचेचाळीस युनिटची बॅटरी या दराने साधारण साडेचार लाखांची होते.

मामा: तो कारखान्यातला दर झाला. वर्कशॉपच्या काउंटरवर त्यात सुट्या भागाचा नफा, कर आणि मजुरी चढते. शिवाय वॉरंटी संपलेल्या गाडीत साडेचार लाख घालायचे की गाडीच मोडीत काढायची, हा प्रश्न उरतोच. नववं वर्ष सुरू झालेली गाडी बघायला आलेला गिऱ्हाईक मनात हाच खर्च धरतो आणि तेवढे पैसे आधीच कापून भाव सांगतो.

मी: मग वॉरंटी कशासाठी असते? आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, ही बॅटरीची वॉरंटी तर नेहमीचीच झाली आहे. आता काही कंपन्या आजीवनसुद्धा देतात.

मामा: आजीवन म्हणजे कोणाच्या जीवनभर, ते वाचलंस? कागद काढ.

मी छापील पत्रक काढलं. मामांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ ओढली. आजीवन वॉरंटी पहिल्या मालकासाठी, तीही खासगी वापर असेल तर, आणि त्यातही पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते, कुठे आठ वर्षं, कुठे दहा. पुढच्या पानावर आणखी एक अट होती. बॅटरीची क्षमता ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली तरच ती दोषी धरली जाते. हा आकडा बहुतेक ठिकाणी सत्तरच्या आसपास असतो.

मामा: म्हणजे बघ, तुझ्या हातात असताना वॉरंटी सोन्यासारखी. विकायला काढलीस की तिचं वजन घटतं. आणि क्षमता एक्काहत्तर टक्के उरली तर कंपनीच्या कागदावर गाडी ठणठणीत, पण तुझी पुण्याची फेरी अर्ध्यात अडकणार.

मी: हे मी वाचलं नव्हतं, मान्य आहे. पण बॅटरी इतकी झपाट्याने उतरते, हा समज मात्र खरा नाही. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये सरासरी घट वर्षाला १.८ टक्के सांगितली होती. त्या हिशेबाने आठ वर्षांनी पंच्याऐंशी टक्के उरतात.

मामा: त्या नोंदी बहुतेक थंड मुलखातल्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात तापते.

मी: उष्णता बॅटरीची शत्रू आहे, हे खरंच आहे. पूर्ण भरलेली बॅटरी तासन्‌तास उन्हात ठेवली की ती वापरली नाही तरी झिजते. म्हणून तर रसायन बघायचं. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी जास्त चार्जिंग सोसते, ती आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरली तरी चालते, उलट त्याने मीटर बिनचूक राहतो. एनएमसी वजनाला हलकी, पण ती रोज ऐंशीच्या आसपास थांबवलेली बरी. आमची गाडी सावलीत, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उभी राहील. रात्री सावकाश चार्ज होईल. फास्ट चार्जर फक्त पुण्याच्या वाटेवर.

मामा: तू नीट सांभाळशील, माझा विश्वास आहे. पण तू नीट सांभाळलीस, हे घेणाऱ्याला कसं कळणार? डिझेल गाडीचं इंजिन चालू केलं, धूर बघितला, ऑइलचा डाग बघितला की माझ्यासारख्यालाही अंदाज येतो. बॅटरी मात्र बंद पेटी. जे दिसत नाही त्याचा भाव माणूस भीतीने लावतो.

मामांच्या या वाक्यावर आमचा वाद थांबला आणि आम्ही दोघं गाडीत बसलो. मुंबई-आग्रा महामार्गावर जुन्या गाड्यांच्या एका यार्डात तीन वर्षं जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही उभी होती, बॅटरी तीस युनिटची, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. विकणारा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “बघा, फुल चार्जला एवढी रेंज दाखवते.” तो आकडा मागच्या काही फेऱ्यांवरून गाडीने बांधलेला अंदाज असतो, त्यावरून बॅटरीची प्रकृती कळत नाही. मामांनी बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागितला. तो नव्हता. मग आम्ही चाचणीसाठी गाडी मागितली. पूर्ण चार्ज झाल्यावर यार्डातला मुलगा सोबत घेतला आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन परत आलो.

परतलो तेव्हा ५८ किलोमीटर झाले होते आणि चार्ज शंभरावरून बहात्तरवर आला होता. पडद्यावर सरासरी वापर किलोमीटरला १३० वॅट-तास. मामांनी वहीत मांडलं. ५८ गुणिले १३०, म्हणजे साडेसात युनिट खर्च. एवढे युनिट २८ टक्क्यांत गेले, तर शंभर टक्क्यांत जेमतेम २७. तिसातले सत्तावीस शाबूत, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, कारण कंपनी बॅटरीचा थोडा भाग राखूनही ठेवते. अचूक आकडा अधिकृत वर्कशॉपच्या यंत्रावरच मिळतो. पण गाडीचा ताबा घेण्याआधी कोणालाही करता येईल अशी ही तपासणी आहे आणि तिला फक्त दोन तास लागतात.

मामा: तीन वर्षांत दहा टक्के. मी यापेक्षा वाईट धरलं होतं.

मी: आणि पहिल्या वर्षात घट थोडी जास्त असते, पुढे ती मंदावते. मग ही गाडी वाईट आहे की तिचा भाव वाईट आहे?

मामा: भाव वाईट आहे. पण विकणाऱ्याला वाईट भाव म्हणजे घेणाऱ्याला चांगला. ज्याला गावातल्या गावात चाळीस-पन्नास किलोमीटर फिरायचंय, त्याने ही डोळे झाकून... नाही, डोळे उघडे ठेवून घ्यावी. पहिल्या मालकाने घसारा सोसलाय आणि वॉरंटीची पाच वर्षं अजून शिल्लक आहेत. तुला चालणार नाही. दोनशे किलोमीटरच्या गाडीने पुणं गाठायचं म्हणजे चंदनापुरी घाटात जीव टांगणीला.

मी: जुनी गाडी घेतली तर जीएसटी अठरा टक्के लागतो, असं कोणीतरी म्हणत होतं.

मामा: हा गैरसमज खूप पसरला. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला, पण तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकली तर काहीच नाही. मात्र कराची एक बाजू तुला महागात पडणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला. तुझ्या इलेक्ट्रिकचा पाच टक्के होता तो पाचच राहिला. म्हणजे दोघींच्या किमतीतलं अंतर वाढलं.

मी: पण महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला, दहा ते वीस लाखांत असेल तर, बारा टक्के रोड टॅक्स भरावा लागतो, इलेक्ट्रिकला माफ आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलही माफ केला.

मामा: सवलतीवर घर बांधू नये. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला. आयकराच्या कलम ८०ईईबीतली, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरची दीड लाखांपर्यंतची व्याजसवलतसुद्धा मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. सरकारने दिलेलं सरकार काढून घेऊ शकतं. तुझा हिशेब सवलतीशिवाय उभा राहतो का, ते बघ.

घरी येऊन आम्ही तो हिशेब मांडला. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि गाडी लिटरला चौदा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ साडेसात रुपये. इलेक्ट्रिक गाडी भरताना वाया जाणारी वीज धरून युनिटला सहा किलोमीटर. घरच्या मीटरवर स्लॅब चढून वरचं युनिट पंधरा रुपयांना पडलं, तरी किलोमीटरला अडीच रुपये. बचत पाच रुपयांची. पंधरा हजार किलोमीटरला वर्षाचे पंचाहत्तर हजार.

मामा: आता जोड लाव. चौथ्या वर्षी पेट्रोलवाल्याचं नुकसान सात लाख, तुझं साडेअकरा. फरक साडेचार लाख. इंधनात तू वाचवलेस तीन लाख. म्हणजे चौथ्या वर्षी विकलीस तर दीड लाख खिशातून गेले.

मी: आणि आठव्या वर्षी?

मामा: पेट्रोलचे साडेपाच येतील धर, तुझ्या गाडीचे तीन. पेट्रोलवाल्याचं नुकसान साडेअकरा, तुझं सतरा. फरक साडेपाच लाख. इंधनात वाचले सहा लाख.

मी: म्हणजे पुढच्या चार वर्षांत घसाऱ्याचा फरक फक्त एक लाखाने वाढला आणि बचत दुप्पट झाली. त्यात इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाहीत, ब्रेक पॅडही जास्त टिकतात.

मामा: टायर मात्र लवकर झिजतात, गाडी वजनदार असते. पण तुझं म्हणणं बरोबर आहे. घसारा आधी कोसळतो, मग सावकाश चालतो. बचत दर वर्षी सारखी येत राहते. म्हणून ही गाडी लवकर विकणाऱ्याला मारते आणि धरून ठेवणाऱ्याला तारते. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याची आठ वर्षांची बचत मात्र दोन लाख चाळीस हजारच होईल. त्याने या वाटेला जाऊ नये.

मी: मग मी घेऊ?

मामा: कर्जाचं बोलू या. तुला शोरूमवाल्याने सात वर्षांचं सांगितलं असेल. सोळा लाख, नऊ टक्के, हप्ता पंचवीस हजार सातशे. चार वर्षं नेमाने भरलेस तरी बँकेचे आठ लाख दहा हजार उरतात. गाडी साडेआठची. त्या दिवशी काही अडचण येऊन विकावी लागली तर हातात चाळीस हजार! माझ्या टेबलासमोर रडलेली माणसं याच फटीत सापडली होती. गाडी गेली तरी कर्ज जात नव्हतं. तेच कर्ज पाच वर्षांचं केलंस तर हप्ता तेहतीस हजार दोनशे, पण चार वर्षांनी तीन लाख ऐंशी हजारच राहतील. हप्ता जड वाटला तर गाडी लहान घे. मुदत लांबवू नकोस.

यावर मी काही बोलले नाही. सात वर्षांचा हप्ताच माझ्या डोक्यात होता.

मामा: आणि विमा. आयडीव्हीचं, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं, कोष्टक सगळ्यांना एकच असतं. दुसऱ्या वर्षी २० टक्के कमी, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी ५०. पण दुरुस्तीच्या दाव्यात रबर, प्लास्टिक, टायर यांच्यासारखाच बॅटरीवरही पन्नास टक्के घसारा कापायची रीत आहे. तुझ्या गाडीत बॅटरी म्हणजे गाडीची मोठी किंमत. झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलंच पाहिजे. मोठ्या बॅटरीला पाणी शिरलं, तळाला दगड लागला तर काय, हे एजंटकडून लेखी घे. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतो. तुझं पार्किंग तळमजल्याचं आहे, एवढं लक्षात ठेव.

मी: कंपनीने मॉडेलच बंद केलं तर? ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिक २०१९ मध्ये आली आणि २०२४ मध्ये आपल्या बाजारातून गेली.

मामा: ते पेट्रोलमध्येही घडलंय. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. फरक असा की, इंजिनाचं काम करणारा मिस्त्री नाशिकच्या द्वारका चौकात दहा ठिकाणी मिळतो. उच्च दाबाच्या विजेचं काम करणारा अजून फक्त कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये. म्हणून ज्या कंपनीचं वर्कशॉप आपल्या शहरात आहे, तिचीच गाडी घे आणि जे मॉडेल भरपूर खपलंय तेच घे.

दुपारी जेवताना मामा म्हणाले, “मी विरोध करायला आलो होतो. आता माझा विरोध गाडीला राहिला नाही, घाईला आहे.” मीही गाडी घ्यायच्या निश्चयाने बसले होते. तो निश्चय कायम राहिला, पण कर्जाची मुदत पाच वर्षांवर आली आणि आठ वर्षं गाडी न विकण्याचं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. आणखी एक काम त्याच दिवशी सुरू केलं, ते म्हणजे फाइल. प्रत्येक सर्व्हिसला बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागून घ्यायचा, तारीख आणि किलोमीटर लिहून जपायचा. ज्या बंद पेटीची गिऱ्हाइकाला भीती वाटते, तिचं झाकण उघडायचा आमच्या हातातला उपाय हाच आहे.

वाचकांना मला एवढंच सांगायचं आहे. वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर होत असतील, घरी चार्जिंगची सोय असेल आणि आठ वर्षं गाडी ठेवायची तयारी असेल, तर नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही कुटुंबाला परवडते. तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल, तर नवी घेऊ नका. तिसऱ्या वर्षाची घ्या, पण अहवाल पाहून आणि स्वतः चालवून. या दोन्हींत बसत नसाल, तर पेट्रोल गाडी घेण्यात काही कमीपणा नाही.

परिवहन खात्याकडेही एक मागणी आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आपण फॉर्म २९ आणि ३० भरतो, विमा आणि पीयूसी जोडतो. इलेक्ट्रिक गाडीतून धूर निघत नाही, तिला पीयूसी लागत नाही. मग त्या जागी बॅटरीच्या आरोग्याचा अधिकृत दाखला जोडणं सक्तीचं करा. ज्याने गाडी जपली त्याला योग्य भाव मिळेल आणि ज्याच्याकडे नव्या गाडीएवढे पैसे नाहीत, त्याला फसायची भीती राहणार नाही.